म्हणजे सरांचं अर्धं वाक्य

फळ्यावर 'ऊर्जा' एवढा एकच शब्द लिहून म्हणजे सर खडू खाली ठेवायचे आणि त्या शब्दाकडे संशयाने बघत राहायचे. न सांगता येऊन बसलेल्या पाहुण्याकडे घरातली म्हातारी माणसं बघतात, तसं. मग आमच्याकडे वळून विचारायचे, "म्हणजे?"

"कार्य करण्याची क्षमता!" आम्ही एका सुरात.

"क्षमता म्हणजे?"

आम्ही पुस्तकात डोकी घालायचो. "क्षमता आहे ना? मग ती इकडून तिकडे वाहते कशी? साठते कशी? वाया जाते कशी? बाहेर राइस मिलसमोर धानाची पोती लागली आहेत. जा, त्यातलं एक पोतं फाड आणि क्षमता ओंजळीत घेऊन ये." पोरं हसायची, सर हसायचे नाहीत. सगळ्यांचं हसून झालं की शांतपणे सांगायचे, "ऊर्जा ही एक बेरीज आहे. काहीही होवो, ती बेरीज दर वेळी तेवढीच येते, हे मोठं आश्चर्य आहे. त्या आश्चर्यापुढे मी हात जोडतो. पण बेरजेला वस्तू म्हणू नका."

तालुक्याच्या आमच्या विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात ते तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे देवरीकडचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची पट्टी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, आमच्या तोंडी नव्हतं. 'म्हणजे?' हा त्यांचा पहिला प्रश्न आणि 'मोजलेलं की म्हणतात?' हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या चाळणीतून आम्हाला रोज जावं लागे. कोणी धावत येऊन सांगावं, "सर, गणिताचा पेपर फुटला म्हणे," की सर पट्टी काढून त्याच्या नाकासमोर धरणार, "मोजलेलं की म्हणतात?" चांगल्या चांगल्या अफवा आमच्या कॉलेजात अशा जागच्या जागी मेल्या.

एकदा गोंदियाच्या बाजारातून त्यांनी खेळण्यातला लेझर टॉर्च आणला. खिडक्या बंद करायला लावल्या आणि माझ्याकडे माझा एक केस मागितला. केस टॉर्चच्या तोंडावर ताणून चिकटवला आणि प्रकाश समोरच्या भिंतीवर सोडला. भिंतीवर एक लाल ठिपका दिसायला हवा होता. त्याऐवजी उजेड-अंधार, उजेड-अंधार असे पट्टे उमटले. "काय पाहिलं?" एक हुशार मुलगा उभा राहिला, "सर, प्रकाशाचा तरंग पाहिला." सर त्याच्यावर असे कडाडले की बाजूच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. "तरंग पाहिला? खोटं बोलतोस. पट्टे पाहिलेस. पट्टे खरे. तरंग ही पट्ट्यांबद्दलची गोष्ट आहे. गोष्ट चांगली असेल, कामाची असेल, पण गोष्ट आहे." मला त्या दिवशी उगाच अभिमान वाटला होता. केस माझा होता ना!

नव्या भौतिकशास्त्रावर तर त्यांचा विशेष दात होता. अवकाश वाकतं, हे वाक्य आलं की ते पुस्तक उलटं ठेवत. "वाकायला बाजूला मोकळी जागा लागते. जागाच वाकली तर ती वाकली कुठं? गणित बरोबर आहे, पोरांनो, ग्रहांची गणितं चोख निघतात. भाषा मात्र सैल सोडली आहे." कृष्णद्रव्याचं, म्हणजे डार्क मॅटरचं, नाव काढलं की म्हणत, "पोलिसांनी पंचनाम्यात 'अज्ञात इसम' लिहिलं म्हणजे चोर सापडला काय? नाव ठेवलं की ओळख झाली असं वाटतं. फसू नका." आणि इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, हे तर त्यांना अजिबात सोसायचं नाही. "कुठं आहे ते माहीत नाही, असं म्हणायला लाज वाटते, म्हणून दोन्हीकडे आहे म्हणतात."

सर प्रत्येक वेळी बरोबर असत असं नाही. पुढे एम.एस्सी. करताना मला कळलं की नुसतं 'माहीत नाही' म्हणून भागत नाही. इलेक्ट्रॉनही भिंतीवर तसेच पट्टे उमटवतात, आणि 'माहीत नाही' एवढ्यानं ते उमटत नाहीत. मी मोठ्या ऐटीत फोन करून त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. इथं मी चुकलो. मग असं म्हण, की यासाठी भाषा अजून सापडलेली नाही. सापडली असं मात्र म्हणू नको." हरले तरी शेवटचा शब्द सोडायचा नाही, हा आमच्याकडचा गुण त्यांच्यातही होता.

त्यांचा आवडता दाखला वाघाचा. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या कालव्याखालचं, नागझिऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे वाघाची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. सर विचारायचे, "पांदणीच्या वाटेवर पंजा उमटलेला दिसला. वाघ पाहिला म्हणशील? नाही. माग पाहिला म्हण. इलेक्ट्रॉनचंही तेच. शंभर वर्षं सगळे माग पाहत आले आहेत आणि वाघाच्या मिशा कशा होत्या ते सांगत आले आहेत."

हेच सगळं ते एका पालकसभेत बोलले. प्राचार्यांनी दोन शब्द बोला म्हटलं, आणि सरांनी दोन शब्दांची दोनशे वाक्यं केली. त्यातलं एक वाक्य असं: "या पुस्तकातलं अर्धं लिहिणाऱ्यालाही समजलेलं नाही. मोठे मोठे शास्त्रज्ञ शब्दांनी खेळतात. तुमच्या मुलांना संशय घ्यायला शिकवा." पालकांना मजा वाटली. शिकलेल्या माणसानं शिकलेल्यांना नावं ठेवली की ऐकणाऱ्याला गारवा वाटतो. मागच्या रांगेत माझी माय बसली होती. तिनं ते वाक्य पदराला बांधून घरी आणलं.

आता माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. आचल तेव्हा सातवीत होती. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कोणाला नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्त अडतं आणि हाडं ठणकायला लागतात. लहानपणी दर रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आम्ही धानाच्या बांधीत आणि आचल दवाखान्यात, असाच नेम झाला होता. मग गोंदियाच्या डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि हळूहळू तो नेम मोडला. आचल शाळेत जाऊ लागली, दोरीवरच्या उड्या मारू लागली, माझ्याशी भांडू लागली.

त्या उन्हाळ्यात गावच्या समाजमंदिरात एक शिबिर झालं. 'क्वांटम ऊर्जा शिबिर.' बोलणारा माणूस बाहेरचा, भर उन्हाळ्यात कोट घातलेला, हिंदी गोड. आमच्या संस्थेच्या एका संचालकांकडे पाहुणा म्हणून उतरला होता, त्यामुळे सगळं गाव लोटलं. तो म्हणाला, "माताजी, क्वांटम साइंस ने सिद्ध किया है, देखने वाले से चीज बदल जाती है. रोज दवाई खाओगे तो रोज बीमारी को देखोगे. देखना छोड़ दो, बीमारी चली जाएगी." आणि पाण्याच्या घागरीखाली ठेवायला एक चकचकीत चकती दिली.

मायनं आचलच्या गोळ्या बंद केल्या.

माझी माय भोळी नाही. बाजारात ती भल्याभल्यांना उभं विकून येईल. पण रोज पोरीच्या तळहातावर गोळी ठेवताना तिला वाटायचं की आपणच पोरीला रोज आजारी म्हणतो आहोत. नेमकी तीच दुखरी जागा त्या माणसानं दाबली. मी भांडले. बाबा गोंदियाच्या राइस मिलमधून रात्रीच्या गाडीने दमून यायचे, ते म्हणाले, "तुयी माय पायते तिचं, तू अभ्यास कर." दोन महिने आचलला काही झालं नाही. हे दोन महिने माझ्या विरुद्ध गेले. माय म्हणायची, "पाय, हाय न चांगली?" आणि आचलला माझ्यासमोर दोरीवर उड्या मारायला लावायची. सकाळी उठलं की मी आधी आचलच्या ओठांचा रंग बघायची.

शेवटी प्रयोगशाळेत मी सरांना सांगून टाकलं. 'पाहणाऱ्यामुळे वस्तू बदलते' हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "तिथं डोळा नाही गं," ते म्हणाले, "तिथं मनही नाही. एक यंत्र असतं, त्यावर काहीतरी आपटतं आणि टिपका उमटतो, बस. त्याला 'पाहणारा' हे नाव आमच्याच लोकांनी दिलं. कोठाराला कुलूप लावलं नाही, आता कोणीही येऊन पोतं उचलतो." दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच ते बसमधून उतरून कालव्याच्या काठाने चालत आमच्या बांधीवर आले.

रोवणा चालू होता. माय चिखलात पोटरीपर्यंत उभी, हातात धानाच्या रोपांची जुडी. धुऱ्यावर आचल, तीही सकाळपासून पाण्यात होती, आता काठावर येऊन बसली होती. सर चप्पल हातात घेऊन उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "ताई, पोरीच्या गोळ्या बंद नका करू."

मायनं कंबर सरळ केली. "काऊन?"

"तो माणूस खोटं बोलला."

"तुमाले कसं मालूम?"

"ते शास्त्र मी शिकवतो."

"तुमीच त सांगतलं होतं, सर, सभेत. पुस्तक लिहिनाऱ्यालेही समजलं नाही म्हणून. मंग गोळी बनवनाऱ्याले समजलं, हे कोनं पायलं?"

वर्गात आम्हाला गप्प बसवणारा माणूस आमच्या धुऱ्यावर चपलेचा चिखल झाडू लागला. माय पुन्हा म्हणाली, "गोळी आत जाऊन का करते, तुमी पायलं काय?"

"नाही पाहिलं," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं तर तिथंच काम झालं असतं. "पण ताई, गोळी नव्हती तेव्हा रोवण्यात पोरगी कुठं असायची?"

मायनं जुडीतलं एक रोप चिखलात खोचलं.

"आणि गोळी सुरू झाल्यावर?"

"ते त देवाच्या मनात होतं..." माय बोलू लागली आणि मी आचलकडे पाहिलं. दोन्ही हातांनी छाती धरून ती पुढे वाकली होती आणि तिचे ओठ राखाडी पडले होते. "ताई, श्वास येऊन नाही रायला," ती म्हणाली. स्वतःचा श्वास परका झाल्यासारखं बोलली ती.

पुढचं मला सलग आठवत नाही. सरांनी तिला खांद्यावर घेतलं, चप्पल धुऱ्यावरच राहिली. रस्त्यावर एक ऑटो मिळाला. गोंदियापर्यंत माय चिखलाच्या पायांनी बसून होती, आचलचं डोकं मांडीवर, आणि एकच वाक्य म्हणत होती, "पाय न माझ्याकडे, बाई, पाय न." डॉक्टरांनी तपासलं आणि दुखणं छातीत उतरलं आहे म्हणाले. ऑक्सिजन लावला, रक्त चढवायला घेतलं. एका नर्सने मायला विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" मायनं मान खाली घातली.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. बाबा मिलमधून निघाले होते. सर अनवाणी. थोड्या थोड्या वेळाने उठून ते दाराच्या काचेतून यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा बघायचे, परत येऊन आकडा सांगायचे आणि बसायचे. त्या आकड्याला 'म्हणजे?' असं विचारायची त्यांची छाती झाली नाही. एकदा आकडा खाली गेला, तेव्हा ते सांगायला आलेच नाहीत, तिथंच काचेला कपाळ लावून उभे राहिले. मला तेवढ्यावरून कळलं. मी मायचा हात धरला.

माय रडत नव्हती. सर परत येऊन बसल्यावर ती त्यांच्याकडे न बघता बोलली. "तुमी दोघंही सारखेच, सर. थो कोटवाला म्हणते, मले सब समजलं. तुमी म्हणता, कोनालेच नाही समजलं. आमी कोनाचा हात धरावा?"

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. पट्टी काढतील, वाद घालतील. त्यांनी फक्त मान हलवली, हो म्हणून. त्या बाकावर मला त्यांचा राग आला होता. मायचाही आला होता, आणि त्या कोटवाल्याचा तर इतका, की तो समोर असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

संध्याकाळी आकडा वर चढू लागला. दुसऱ्या दिवशी आचलने चहा मागितला, आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून माय पहिल्यांदा रडली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मायला पटलं म्हणून नाही, माय घाबरली म्हणून.

पुढच्या पालकसभेत कोणी सांगितलं नसताना सर उभे राहिले. समोर संस्थेचे संचालक बसलेले, ज्यांच्याकडे तो पाहुणा उतरला होता तेही. सर म्हणाले, "मागच्या सभेत मी अर्धं वाक्य बोललो. आज उरलेलं बोलतो. इलेक्ट्रॉन कोणी पाहिला नाही, माग पाहिला, हे मी आजही म्हणतो. पण तुमच्या धुऱ्यावर पंजा उमटला तर दुसऱ्या दिवशी एकटी बाई बांधीत जाते काय? आधी वाघ दिसू दे, मग ठरवू, असं म्हणते काय? वाघ कसा आहे यावर हवा तेवढा संशय घ्या. मागावर घ्यायचा असेल तर आधी वाकून माग नीट पाहा. डॉक्टर जे देतात, त्याचा माग कोणीतरी वाकून पाहिलेला असतो. आणि जो माग न दाखवता तुम्हाला वाघनखं विकतो, त्याला गावात उतरू देऊ नका."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून माझी माय उभी राहिली. "हे पयलेच सांगाचं होतं न, सर."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "हो ताई. आधीच सांगायला पाहिजे होतं."

पुढच्या वर्षी सरांना तासिका मिळाल्या नाहीत. त्या भाषणामुळे मिळाल्या नाहीत असं म्हणतात, मोजलेलं नाही. जाण्याआधी ते आमच्या घरी आले. मायनं अंड्याची भाजी आणि भाकरी केली, आग्रह करून वाढली. निघताना सरांनी आचलला सांगितलं, "रोज गोळी घेतली की मला कळव."

ती कळवू लागली. आधी माझ्या फोनवरून, मग स्वतःच्या. रोज एक शब्द, 'घेतली.' पलीकडून ठरलेलं उत्तर, 'मोजलेलं की म्हणतात?' मग आचल गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवायची, त्या दिवशीचं खळगं फोडलेलं दिसेल असा. मग सरांचा अंगठा. देवरीला ते घरीच शिकवण्या घेत. मी त्यांना अवकाश आणि काळाबद्दल लांबलचक प्रश्न पाठवायची, त्यांची उत्तरं आठवड्याने यायची. आचलला मात्र उत्तर त्याच दिवशी. याबद्दल मी तिचा हेवा केला आहे.

आता मी गोंदियाला भौतिकशास्त्र शिकवते. 'ऊर्जा' लिहून खडू खाली ठेवते. पोरं हसायची थांबली की वाघाचं अर्धं वाक्य सांगते, आणि लगेच, श्वास न घेता, उरलेलं अर्धं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. हृदयाचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लोक परतायला लागले होते. माय त्यांच्या दारात बराच वेळ बसून होती. येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "अनवानी होते न थे त्या दिवशी. चप्पल परत द्याचीच रायली."

आचल नागपूरला बी.कॉम. करते. दिवाळीत घरी आली होती. दुपारची जेवणं झाल्यावर तिने गोळी घेतली, पाकिटाचा फोटो काढला, टाइप केलं आणि पाठवलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. वर सरांचं नाव. खाली उन्हाळ्यापासूनचे सगळे 'घेतली', एकाखाली एक, प्रत्येकापुढे एकच राखाडी टिक.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "काऊन पाठवून रायली वो आता? पोचते काय थे?"

आचलने फोन उलटा करून ठेवला. "पोचते असं मी नाही म्हणून रायली, ताई," ती म्हणाली. "पाठवली, एवढं मोजलेलं हाय."